शिवल्यांची लावणी

सखूनं रिकामा हंडा उंबऱ्यात आपटला तेव्हाच सगुणानं ओळखलं, की आज सुनेच्या तोंडाचा पट्टा काही लवकर थांबत नाही. सगुणा पडवीत मडक्यापुढं उकिडवी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्या, कालचा हंडा मी भरून ठेवला व्हता. कुठं गेला?"

"असंल घरातच. पानी काय उठून चालतंय?"

"उठून नाय गेलं, तू वतलंस. या मडक्यात. तुझ्या शिवल्या पोहतान माझ्या पान्यात."

"उद्या सुचित्राबाय यायची हाय," सगुणा म्हणाली. जणू एवढ्यानं सगळं मिटलं.

"येवदे ना. तिना शिवल्या पायजेन तं चिखलातल्या उचल आन दे. मी बेलापूरचा रस्ता वलांडून हिरीवर जाते, ट्रकवाले अंगावर गाडी घालतान, मानंचा काटा ढिला झाला माझ्या. आन हिकडं गोडं पानी शिवल्यांना न्हाव घालाला."

सगुणानं मडक्यातलं गढूळ पाणी अळवाच्या बुडख्यात ओतलं, नवं पाणी घातलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि हातानं ढवळलं. सखूच्या देखत दुसरा हंडाही अर्धा झाला. सखूचं खोटं नव्हतं. तिवरपाडा म्हणजे रबाळ्याच्या कारखान्यांच्या पाठीमागं खाडीला चिकटून बसलेली मूठभर घरं. चहूकडं पाणी आणि घशाखाली उतरेल असं घोटभर नाही. भाताची शेतं होती ती नव्या शहराच्या नकाशात गेली. राहिली ती खाडी, आणि खाडीतल्या चिखलावर बायांचं पोट.

पण सगुणाचंही खरंच होतं. शिवली म्हणजे चिखलात राहणारी शिंपली. ती चिखल खाते, तिच्या पोटात चिखलच असतो. तिला मिठाच्या पाण्यात घालून तो ओकवायचा, पाणी पालटायचं, पुन्हा ओकवायचा, तळ दिसेल इतकं पाणी निवळलं की मग ती खाण्याजोगी. न ओकवलेली शिवली तिवरपाड्यात वैऱ्याच्याही हातावर कुणी ठेवत नसे. सून पारखायची ती शिवल्यांच्या कालवणावर. दाताखाली कच्च वाजलं की पोरगी नापास. सगुणाच्या सासूनं तिला तशीच पारखली होती, सगुणानं सखूला तशीच पारखली, आणि सखू पास झाली होती हे सखू आता विसरली होती.

"मंग मी काय करू, पोरीच्या पोटात चिखल घालू?" सगुणा म्हणाली.

"ती पोर खाते का त्या, तुना काय ठावं?"

"नाय तं काय, पूजा करते?"

 सखूनं रिकामा हंडा उचलला आणि ती पुन्हा रस्त्याकडं निघाली.

सुचित्रा ही मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतली संशोधन करणारी मुलगी. दादरला राहायची, महिन्याच्या महिन्याला एस.टी.नं यायची, खांद्याला झोळी आणि हातात बर्फाची पेटी. तिवरपाड्याला तिची गरज होती ती नाल्यापायी. वर रंगाची कंपनी आली त्याला पाचसहा वर्षं झाली असतील. तिचा नाला गावाच्या खालच्या अंगाला खाडीत सुटायचा. कधी तांबडं पाणी, कधी निळं, वर साबणासारखा फेस. आधी निवट्या मासळी गेली, मग बोयी पोट वर करून तरंगल्या. सगुणाचा मुलगा कान्हा खाडीत डोलजाळं लावायचा, त्याच्या जाळ्याला हिरवट बुळबुळ लागायची आणि सूत कुजायचं. गावानं अर्ज केला. ठाण्याहून सरकारी साहेब आला, फेस पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, वास हा पुरावा होत नाही, शास्त्रीय काही आणा. मग गावचा पुढारी कमळाकर, सगुणाचा चुलतदीर, कुणाच्या ओळखीनं सुचित्राला घेऊन आला. तिला खाडीवर अभ्यास करायचाच होता. तिच्या अभ्यासात नाल्याचं विष सापडलं, तर कंपनीला नाला बंद करावा लागणार होता. नाही सापडलं, तर शिवल्या संपणार आणि शिवल्यांवर जगणाऱ्या बायाही. इतकं सरळ होतं ते, सगुणालाही कळत होतं.

पहिल्या खेपेला सुचित्रा स्वतः चिखलात उतरली होती. नाल्याच्या तोंडाशी तिनं बांबूची काठी रोवली, वर लाल चिंधी बांधली आणि परतताना मांडीपर्यंत रुतली. कान्हानं आणि सगुणानं दोन्ही बगलांना धरून तिला उपटून काढलं. चप्पल आजतागायत खाडीच्या पोटात आहे. तेव्हापासून ती चिखलात उतरत नसे आणि शिवल्या काढून द्यायचं काम सगुणाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी ती आली तशी पडवीत बसली. सगुणानं आधी तिला जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी आणि शिवल्यांचं कालवण.

"मावशी, असल्या शिवल्या आमच्या दादरच्या बाजारात मिळत नाहीत हं," सुचित्रा बोटं चाटत म्हणाली.

"त्या कशा मिळतील? त्या चिखलासकट विकतान," सगुणा म्हणाली. "पेटीत जास्तीच्या घातल्यान. आयसला पन दे."

सुचित्रा हसली. हसून विषय सोडून देणं ही शिकलेल्या माणसांची एक रीत असते. "काठी रोवली होती तिथल्याच ना? चांगल्या जिवंत बघून घेतल्यास?"

"होय गं बाय. एक पन फुटकी नाय."

जेवलास का विचारल्यावर उपाशी माणूसही जेवलो म्हणतो, त्याच सहजपणे सगुणा होय म्हणाली. काठीजवळचा चिखल काळानिळा, कुजक्या अंड्यासारखा घाणेरडा, पाय घातला की पोटऱ्या खाजायच्या. तिथल्या शिवल्या माणसाला द्यायच्या? ती कोस दीड कोस वर जायची, वरच्या खाजणात, भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, तिवरांच्या सावलीत, जिथं तिच्या सासूनं तिला चिखलात बोटं फिरवायला शिकवलं होतं. तिथल्या टपोऱ्या निवडून आणायची, दोन पाण्यांत ओकवायची आणि पोरीच्या पेटीत भरायची. काठी कशासाठी, ते सुचित्रानं तिला नीट सांगितलं नव्हतं. "शिवल्यांच्या पोटातून आम्हाला खाडीचं दुखणं कळतं," एवढं म्हणाली होती. सगुणाला ते वैदूच्या बोलण्यासारखं वाटलं. वैदूला उलटं विचारायचं नसतं.

असं वर्ष गेलं.

गावाच्या अर्जावरची सुनावणी शाळेच्या वर्गात होती. मुलांना सुट्टी दिली होती आणि बाकांवर गाव बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. ठाण्याचे साहेब मास्तरांच्या खुर्चीत. बाजूला कंपनीचे श्यामसुंदर, पांढराशुभ्र सफारी, बोलणं तुपातलं. दाराशी सुचित्रा उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. सगुणाला वाटलं, पोरीला एस.टी. लागली.

श्यामसुंदर उठले. "आम्ही आमचं काही बोलतच नाही. गावानंच बोलावलेल्या मॅडमचा अभ्यास आहे. वर्षभर, दर महिन्याला, नाल्याच्या तोंडाच्या शिवल्या. पारा बघितला, शिसं बघितलं. काय सापडलं? काही नाही. साहेब, इतक्या स्वच्छ शिवल्या अख्ख्या मुंबईत नसतील."

गाव एकमेकांकडं बघू लागला. आणि सगुणाला, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सफारीवाला तिच्या हातच्या कामाला भर सभेत चांगलं म्हणत होता. ती उभी राहिली.

"ते बरोबर हाय सायेब. त्या मी सोता ओकवलेल्या. दोन पान्यांत, गोड्या पान्यात मीठ घालून. एक पन घान नव्हती."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओकवलेल्या म्हणजे?"

"पोटातला चिखल काढून. आन त्या नाल्याकडच्या मेल्या जागंच्या कशाला दीन मी? वरच्या खाजनातल्या निवडून दिल्या."

 सुचित्रानं डोळे मिटून घेतले. कमळाकरनं कपाळावर हात मारला, आणि तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सर, मग हे नमुने धरताच येणार नाहीत," सुचित्रा पुढं येत म्हणाली. "बरंचसं त्या गाळात असतं. आणि जागाही..."

"मॅडम, खाली सही तुमची आहे," श्यामसुंदर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. ते सगुणाकडं वळले. "मावशी, तुम्ही घरी खाता त्या अशाच ओकवून?"

"मंग? आमी काय चिखल खाताव?"

"आणि चांगल्या जागेच्याच?"

"व्हय तं."

"साहेब, ऐकलंत. घाण जागेच्या हे लोक खात नाहीत आणि खातात त्या धुवून खातात. मग यांच्या पोटात जातंय काय आणि तक्रार आहे कशाची?"

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. शेवटी म्हणाले, पावसाळ्याआधी पुन्हा बसू, तोवर नाल्याच्या तोंडाच्या शिवल्या असतील तशा तपासून आणा, नाहीतर प्रकरण बंद.

सुचित्रा रस्त्याकडं तरातरा चालली होती. सगुणा मागून धावत गेली.

"बाय, भाकरी तरी खावून जा."

सुचित्रा वळली. "एक वर्ष गेलं, मावशी. मी ती काठी शोभेला रोवली होती का?"

"तुझ्या पोटात तो चिखल कसा घालू गं मी?"

"मी खात नव्हते त्या! मी ॲसिडात विरघळवत होते. सगळ्याच्या सगळ्या. विरघळवून मोजत होते." ती रडत होती आणि रडता रडता ओरडत होती. एस.टी. आली तशी ती मागं न बघता चढली.

सगुणा थांब्यावर उभी राहिली. दोन-दोन पाण्यांत ओकवलेल्या, एकेक पारखून घेतलेल्या शिवल्या ॲसिडात जाताना तिला दिसत होत्या. तिच्या मनात आलं, सखूचा हंडा तिनं वर्षभर ॲसिडातच ओतला.

गावानं तिला मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. चिखलात जाणाऱ्या बाया आधी तिला हाक मारून निघायच्या, त्या आता पुढं निघून जाऊ लागल्या. शेजारची जयमाला, जिच्या दोन्ही बाळंतपणांत सगुणा उशाशी बसली होती, अंगणातून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायची, "जपून गं बायांनो, कुना पाहुन्याला चिखल लागल." कमळाकर दारात येऊन म्हणाला, "वयनी, कंपनीनं दहा वकील लावले असते तरी जमलं नसतं ते तू उभ्या उभ्या केलंस." कान्हा तर आईकडं बघतच नसे. एकदाच म्हणाला, "आये, तू गप बसली असतीस तं." आणि सखू, जिनं बोलायला हवं होतं, ती एक शब्द बोलली नाही. तेच सगुणाला फार लागलं.

होळी झाल्यावर सुचित्रा परत आली. राग ओसरला होता, किंवा तिचंही काही अडलं होतं. दोघी ओहोटीला नाल्याकडं गेल्या. सुचित्रा बांधावर राहिली. सगुणा लाल चिंधीपाशी उतरली आणि काळ्या चिखलात कोपरापर्यंत हात घातले. शिंपल्या हाताला लागत होत्या, पण उघड्या, रिकाम्या, आतून काळवंडलेल्या. ती रांगत पुढं गेली, मागं आली, डावीकडं गेली. पोटऱ्यांना आग लागली. टोपली भरून शिंपल्या घेऊन ती बांधावर आली.

"यातलं काय चालंल?"

सुचित्रानं एकेक उचलून पाहिली. "जिवंत हवी, मावशी. मेलेलीतून मला काही काढता येत नाही."

"मेली कशानं ते दिसंना का तुना?"

"मला दिसतंय गं. आकड्यात दिसायला हवं."

सगुणा बांधावर बसली आणि पायांचा चिखल गवतावर पुसत राहिली. नाला निळा वाहत होता. तिकडं बघत ती म्हणाली, "भात कसं करताव आमी? रोप एकीकडं, लावनी दुसरीकडं. वरच्या खाजनातली आनून हितं लावू. जगतील तेवढ्या जगतील. त्यांच्या पोटात तुझा पारा भरल, मंग त्या ने."

सुचित्रानं हातातली शिंपली खाली ठेवली. "असं करतात," ती हळूच म्हणाली. "बाहेरच्या देशात करतात. पण आणून लावल्या असं लिहावं लागेल मला. लपवता येणार नाही."

"मंग लिव्ह ना. लपवायचं हाय काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, सगुणा वरच्या खाजणातून टोपलं भरून निघाली. मागं बघते तो सखू. डोक्यावर दुसरं टोपलं, तोंड तसंच मिटलेलं. नाल्याच्या तोंडाशी दोघी वाकल्या आणि मागं मागं सरत शिवल्या चिखलात खोवत गेल्या. शेत गेल्यापासून सासूसुनेनं बरोबर लावणी केली नव्हती. हात मात्र विसरले नव्हते. ओळ धरली जात होती आपसूक. सगुणाला एक जुनं गाणं ओठावर आलं आणि तिनं ते गिळलं. जिवंत जिवाला विष पाजायला घेऊन आल्यावर गाणं कसलं म्हणायचं?

पहिली लावणी चार भरत्यांत सडली. निळ्या पाण्याचा मोठा लोंढा आला आणि सकाळी सगळ्या तोंड वासून पडल्या होत्या. दुबार लावणी केली. तीही निम्मीअर्धी गेली. तिबार केली. प्रत्येक वेळी वरच्या खाजणातून टोपली उतरत होती. बाया कुरकुरल्या, मग भांडल्या. जयमाला आडवी आली, "ते खाजन काय तुझ्या सासूनं हुंड्यात आनलं व्हतं? आमची पोरं काय खातील?" सगुणा तिला हात जोडून म्हणाली, "नाला बंद झाला की पुन्ना भरल गं. एवढा महिना जावदे." खाजण कसं रितं होत चाललंय ते तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तिची बोटं आता चिखलात नुसतीच फिरून यायची. तिच्या आणि सखूच्या पायांना फोड आले, फुटले, चिघळले. दोघी पायांना चिंध्या बांधून जायच्या.

तिसऱ्या लावणीतल्या बऱ्याच तगल्या. महिन्यानं सुचित्रानं त्यातल्या काही नेल्या, चिखलासकट, न धुता. आठ दिवसांत ती धावतच आली, सगुणाचे दोन्ही हात धरले. "सापडला, मावशी. पारा सापडला. इतका, की मी दोनदा तपासून पाहिलं. मांसातच भिनलाय, ओकवून निघायचा नाही."

सगुणा आनंदानं रडली. विष सापडलं म्हणून रडणारी बाई तिवरपाड्यानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

दुसऱ्या सुनावणीला गाव कमी होता. कमळाकर होता, पण मागच्या बाकावर. त्याच्या जावयाला कंपनीच्या गोदामात चिकटवून एक महिना झाला होता. सुचित्रानं आकडे वाचले. साहेबांनी भुवया उंचावल्या. श्यामसुंदरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, या शिवल्या तिथं आल्या कशा?"

"आम्ही लावल्या. ते मी लिहिलंय. ही मान्य पद्धत आहे, सर, तिथं मूळच्या सगळ्या मेल्या म्हणून..."

"म्हणजे तिथल्या नव्हेतच." श्यामसुंदर साहेबांकडं वळले. "मागच्या खेपेला यांनी धुवून दिल्या, या खेपेला पेरून दिल्या. साहेब, त्या बिचाऱ्या शिवल्यांना एकदा त्यांचं त्यांना राहू द्या की."

आधी साहेब हसले. मग मागच्या बाकावरून कमळाकर हसला. आणि एकदा कमळाकर हसल्यावर गावालाही हसू आवरेना, कारण बोलणं होतंच तसं गमतीचं. सगुणा उभी होती ती हळूहळू खाली बसली. साहेबांनी लिहिलं, की नमुने नैसर्गिक नाहीत, आधीच्या अभ्यासात काही आढळलेलं नाही, सबब प्रकरण बंद.

थांब्यावर सुचित्रा म्हणाली, "मी हा अभ्यास छापणार आहे, मावशी. बाहेरच्या देशातले लोक वाचतील."

"तिकडं हाय का ही खाडी?" सगुणानं विचारलं. तिनं खरोखरच विचारलं होतं. एस.टी. आली, सुचित्रा चढली, आणि ती त्यानंतर पुन्हा आली नाही.

मग तिवरपाड्यात शिवल्या मिळेनाशा झाल्या. वरच्या खाजणात बाया जायच्या आणि रिकाम्या पाट्या हलवत परत यायच्या. वैशाखाच्या अखेरीला कुणीतरी सांगत आलं, की नाल्याच्या तोंडाशी अजून आहेत. सगुणानं लावलेल्या, तिसऱ्या लावणीतल्या उरलेल्या. चांगल्या पोसल्यात.

सगुणा फोडांच्या पायांनी धावत गेली तेव्हा बाया चिखलात उतरल्याच होत्या.

"नका गं काढू," ती बांधावरून ओरडली. "त्या खायाच्या नाय. सुचित्राबायनं तपासलंय. पारा हाय त्यांच्यात."

"प्रकरन बंद झालंय," जयमाला वर न बघता म्हणाली. "सायेब बोलला, काय नाय त्यात."

"सायेब खोटं बोलला गं."

"तू बोललीस तवा आमी खरं मानलं. काय झालं त्याचं?" जयमालानं आता वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भूक होती. "आमचं खाजन तू उपसलंस, सगुनाकाकी. आता हे तरी काढू दे."

सगुणा खाली उतरली. एकीच्या पाटीला तिनं हात घातला, पाटी ओढाताणीत उलटली, आणि दुसऱ्या दोघींनी तिला धरून बांधाला टेकवून बसवलं. मारलं नाही कुणी. तिच्या देखत त्यांनी ओळीनं लावलेल्या शिवल्या ओळीनंच काढून नेल्या. ओळीत असल्यामुळं त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत.

संध्याकाळी घराघरातून कोकमाचा आणि खोबऱ्याच्या वाटणाचा वास सुटला. दिवेलागणीला जयमाला आली, पदराखाली वाटी झाकून. भांडण भांडणाच्या जागी, पण पहिला वाटा शेजारी द्यायचा ही रीत. ती सगुणाशी बोलली नाही, वाटी सखूच्या हातात दिली आणि म्हणाली, "तीन पान्यांत ओकवल्यान. दाताला काय लागायचं नाय."

कान्हा जाळ्याचं कुजकं सूत बाजूला सारून ताटावर बसला होता. त्यानं वाटी पुढं ओढली.

"नको खाव, पोरा," सगुणा म्हणाली.

"आये, दोन महिने घरात शिवली नाय."

सगुणानं वाटी उचलली, परसात गेली आणि राखेच्या खड्ड्यात उपडी केली. वर पायानं राख लोटली. आत ताट भिंतीवर आदळलं आणि कान्हा तिच्या अंगावरून उपाशीच बाहेर निघून गेला. सखू दारात आली. फार दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"आपली वाटी टाकलीस आत्या. बाकीच्यांच्या?"

सगुणा खड्ड्याशी बसून राहिली. कुडापलीकडं जयमालाची पोरं जेवत होती, जास्तीची मागत होती, आणि चोखून झालेल्या शिंपल्या एकामागून एक ताटात पडत होत्या.